भोवरा, जाळी आणि एक चुकीचा स्क्रू : टॉर्पेडोच्या जायरोची ओळख पटवताना

नग एक. लाकडी खोक्यात बसवलेला जायरोस्कोप, म्हणजे कड्यांत टांगलेलं फिरतं चाक. कनेटिकटमध्ये एका घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं, तिथून १९० डॉलरना घेतला. खोक्याच्या कडीला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली होती : ‘जर्मन यू-बोटीचा जायरो, दुसरं महायुद्ध, अतिदुर्मीळ.’ (यू-बोट म्हणजे जर्मन पाणबुडी.)

‘दुर्मीळ’ या शब्दाची मला ॲलर्जी आहे. मुंबईत चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, कोरं करकरीत पितळी होकायंत्र ‘साहेबाच्या काळातलं, जहाजावरचं’ म्हणून हातात ठेवतात, तेव्हापासूनची. पण चिठ्ठी खोटी असली तरी वस्तू खरी असू शकते. खोकं उघडलं तेव्हा आतल्या चाकाला बोटानं हलकासा धक्का दिला, तर ते कुरकुरत का होईना, फिरलं. काठाशी जाड, मधे पातळ, भरीव धातूचं चाक, त्याच्याभोवती दोन कडी, एकात एक अडकवलेली. मी घासाघीस न करता पैसे दिले. घासाघीस न केल्याबद्दल मामांनी नंतर व्हिडिओ कॉलवर बरंच सुनावलं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली. मी स्वतः मोजमापवाली. येणारे सुटे भाग ड्रॉइंगप्रमाणे आहेत की नाहीत हे तपासणं माझं रोजचं काम. म्हणजे आमच्या घरात व्हर्नियर (बारीक मापं घेणारं उपकरण) हा विषय जेवणाच्या ताटावर निघतो. या जायरोची ओळख आम्ही दोघांनी मिळून सव्वा महिन्यात पटवली, शनिवार-रविवारी सकाळी, तिकडच्या संध्याकाळी. ती कशी पटवली, कुठे चुकलो आणि कुठे थांबलो, ते खाली लिहिते आहे.

हा मुळात टॉर्पेडोतला कशावरून?

आपल्याकडे टॉर्पेडोला पाणतीर असा छान शब्द आहे, पण मामांच्या पिढीला पाणतीर म्हटलं की एकच आठवण : ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समुद्रात बुडालेली आपली युद्धनौका ‘खुकरी’. ती बुडवणारे टॉर्पेडो आवाजाचा माग काढत जाणारे होते. आमच्या खोक्यातला प्रकार त्याच्या आधीच्या पिढीचा. त्याला कान नाहीत, डोळे नाहीत; सोडताना जी दिशा दिली ती धरून जायचं, एवढंच त्याला कळतं.

ती दिशा धरून ठेवायचं काम जायरोचं. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सहजासहजी सोडत नाही. टॉर्पेडो लाटेनं, पंख्याच्या ओढीनं डावीकडे वळला, तरी दोन कड्यांत मोकळा टांगलेला भोवरा आपल्या मूळ दिशेलाच तोंड करून असतो. म्हणजे टॉर्पेडोचं अंग भोवऱ्याभोवती वळतं. या दोघांत पडलेला फरक बाहेरच्या कड्याच्या डोक्यावरची एक पायरीदार चकती पकडते, ती एका बारीक झडपेला सरकवते, झडप हवा सोडते आणि हवेच्या जोरावर उभं सुकाणू उजवीकडे ढकललं जातं. टॉर्पेडो परत येतो, थोडा जास्तच येतो, मग सुकाणू डावीकडे. जुन्या टॉर्पेडोंची ‘सरळ’ रेषा म्हणजे खरं तर बारीक नागमोडी रेषा असायची.

हे माहीत असलं की पहिला प्रश्न सोपा होतो. जुन्या बाजारात मिळणारे बहुतेक जायरो विमानांतले असतात. त्यांना पुढे काच, काचेमागे आकडे, आणि सगळं एका हवाबंद डब्यात, कारण त्यातली हवा ओढून घेऊन चाक फिरवायचं असतं. (त्या आकड्यांवर जुना चमकणारा रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो; तसला डबा हौसेनं उघडू नये.) जहाजाच्या जायरो-होकायंत्रातला जायरो तर विजेवर चालणारा, अवजड आणि चांगलाच मोठा. आमच्या नगाला काच नव्हती, काटा नव्हता, तोंडच नव्हतं. सगळा सांगाडा उघडा. टॉर्पेडोच्या पोटात बसून आकडे वाचायला कुणी नसतं. कड्याच्या डोक्यावर ती पायरीदार चकती होती, तिला टेकणाऱ्या दोन लहानशा जिभा होत्या. आणि चाकाचा आस सुरुवातीला एका दिशेत घट्ट धरून ठेवणारी एक खिट्टी होती, जी चाकानं वेग घेतला की मागे सरकते. भोवरा जमिनीवर सोडून आपण हात मागे घेतो, तसंच.

टॉर्पेडोचा आहे, इथवर पहिल्याच रविवारी पोचलो.

जाळी कुठली ते बघ

दुसऱ्या रविवारी मी मामांना जाहिरातीतला मजकूर वाचून दाखवला, खोक्यावरची अक्षरं दाखवली, लाकडाची जात सांगायला लागले. त्यांनी मधेच थांबवलं.

“अगं, खोकं राहू दे. भोवऱ्याची जाळी कुठली ते बघ आधी.”

लहानपणी भोवऱ्याला सुतळी गुंडाळली त्यांना ‘जाळी’ (तीच ती सुतळी) हा शब्द समजावून सांगायला नको. मामांचं म्हणणं असं की, भोवरा सगळे सारखेच, तो फिरवायची सोय काळाप्रमाणे बदलते. नंतर वाचत गेले तसं लक्षात आलं, या छंदातली सगळ्यात भरवशाची किल्ली हीच आहे. अक्षरं पुसतात, पट्ट्या हरवतात, खोकी बदलतात. चाक कशानं फिरायचं ते बदलता येत नाही, कारण सबंध यंत्र त्याभोवती रचलेलं असतं.

इथे थोडं मागे जावं लागेल. आधुनिक टॉर्पेडोचा जन्म १८६६ सालचा, फियूमे बंदरातला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज ते क्रोएशियातलं रिएका. जोव्हानी लुप्पिस नावाच्या नौदल अधिकाऱ्याच्या कल्पनेवरून रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज इंजिनिअरनं तो बनवला. ठरलेल्या खोलीवर राहण्याची युक्ती व्हाइटहेडला लवकर साधली : पाण्याचा दाब ओळखणारी झडप आणि जोडीला एक लंबक. हे इतकं गुपित ठेवलं होतं की त्याला ‘द सीक्रेट’ असंच म्हणायचे. पण डावी-उजवी दिशा? त्यासाठी तीस वर्षं काहीच नव्हतं. नेम धरून सोडायचा आणि देवावर भरवसा ठेवायचा.

ते कोडं आधी अमेरिकेत वेगळ्याच वाटेनं सुटलं होतं. जॉन ॲडम्स हॉवेल या अमेरिकन नौदल अधिकाऱ्यानं टॉर्पेडोच्या पोटात १३२ पौंडांचं, म्हणजे साठ किलोचं, पोलादी चाक बसवलं आणि सोडण्याआधी ते वाफेच्या टर्बाइननं मिनिटाला दहा हजार फेऱ्यांपर्यंत फिरवलं. हेच चाक पंखे चालवायचं आणि हेच चाक दिशाही धरून ठेवायचं. इंजिन आणि जायरो एकच! नाइलाज म्हणून नव्हे, तर खरोखर देखणी कल्पना. हवेचे बुडबुडे नाहीत, त्यामुळे पाण्यावर माग नाही. पल्ला मात्र चारशे यार्डांचा, आणि असे टॉर्पेडो बनले फक्त पन्नास. २०१३ साली सॅन डिएगोजवळ समुद्रात अमेरिकन नौदलाच्या शिकवलेल्या डॉल्फिननी तळावर काहीतरी असल्याची खूण केली. पाणबुडे उतरले तर खाली हॉवेल टॉर्पेडोचे तुकडे, पितळेवर अक्षरं शाबूत : ‘यूएसएन नं. २४’. त्याआधी जगात असा एकच टॉर्पेडो उरल्याचं माहीत होतं, वॉशिंग्टन राज्यातल्या कीपोर्टच्या नौदल संग्रहालयातला. ओळख पटवायला एका आकड्याची छाप पुरली. हेवा वाटावा असं प्रकरण.

व्हाइटहेडच्या टॉर्पेडोला दिशा मिळाली ती १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ट्रिएस्टच्या लुडविग ओब्रीमुळे. त्याचं चाक लहान होतं, एका हातात मावेल इतकं, आणि ते फिरवायचं जोरदार स्प्रिंगनं. चावीनं स्प्रिंग ताणून ठेवायची. टॉर्पेडो सुटला की स्प्रिंग एका दातेरी पाळ्याला झटका देते, पाळं चाकाच्या दांड्याला गरकन फिरवतं आणि बाजूला होतं. म्हणजे शब्दशः जाळी. ओब्रीचं नाव इतकं रुजलं की रशियन नौदलात टॉर्पेडोच्या जायरोला पुढे कितीतरी वर्षं ‘ओब्रीचं उपकरण’ असंच म्हणत राहिले. एखाद्या जायरोवर रशियन लिपीत ‘ओब्री’ वाचून तो १८९६ चा आहे असं समजू नका. तो बनलेला १९५० साली असू शकतो.

स्प्रिंगच्या जाळीची अडचण भोवऱ्याचीच. एकदा फिरवला की तो मंदच होत जाणार. टॉर्पेडोचा पल्ला काही शे यार्डांचा होता तोवर चाललं. इंजिनात इंधन जाळून हवा तापवायला लागल्यावर पल्ला हजारो यार्डांवर गेला, धाव मिनिटांची झाली आणि मधेच सुस्तावणारा जायरो कामाचा राहिला नाही. मग स्प्रिंगच्या जागी दाबाखालची हवा आली. टॉर्पेडोत ती असतेच. चाकाच्या काठावर चमच्यासारख्या खाचा पाडायच्या आणि त्यांवर हवेचा फवारा मारायचा.

टॉर्च लावून आमच्या चाकाचा काठ पाहिला. खाचा होत्या. एका लयीत, एकसारख्या, आणि त्यांच्या रोखानं सांगाड्यातून आलेली बारीक नळी. स्प्रिंग नाही, दातेरी पाळं नाही, ते कधीकाळी बसवलेलं होतं अशी रिकामी जागाही नाही. चाकाला वीज पोचवणाऱ्या तारा नाहीत.

“हवेचा आहे,” मी म्हटलं.

“मग ओब्रीच्या काळातला नाही. पुढे चल.”

चुकीचा स्क्रू

आता चिठ्ठीवरच्या ‘जर्मन’ शब्दाकडे यायला हवं. विकणाऱ्या गृहस्थांना फोन करून विचारलं होतं : जर्मन कशावरून? त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं. तळच्या झाकणाचा एक स्क्रू त्यांनी काढून मोजला होता. तो मेट्रिक निघाला. अमेरिकन आणि इंग्रज कारखाने त्या काळात इंचात काम करायचे. मेट्रिक म्हणजे जर्मन. आणि जर्मन टॉर्पेडो म्हणजे यू-बोट. आडाखा वेडगळ नाही. मीही बहुधा तसाच बांधला असता.

मी तोच स्क्रू काढला. बाहेरचा व्यास तीनाला किंचित कमी, पिच गेजचं (दोन आट्यांतलं अंतर, म्हणजे पिच, मोजायचं साधन) अर्ध्या मिलिमीटरचं पातं आट्यांत चपखल बसलं. एम-३. म्हणजे तीन मिलिमीटरचा, अगदी शुद्ध मेट्रिक. कॅमेऱ्यासमोर धरला.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. “बाकीचे पाच कसे दिसतात?”

बाकीचे पाच काळपट होते. हा सहावा चकाकत होता.

“मग स्क्रू काय बघतेस? स्क्रू कुणीही बदलतो. भोक बघ.”

इतकं साधं. एवढी वर्षं मोजमाप करून मला सुचलं नव्हतं. स्क्रू हरवतो, मिळेल तो बसवतात. सांगाड्यात पाडलेले आटे मात्र कारखान्यातले. प्रश्न असा की जेमतेम पावणेतीन मिलिमीटरच्या भोकात पिच गेजचं पातं शिरणार कसं? मामा म्हणाले, आगकाडी घे. मऊ लाकूड भोकात दाबून सावकाश फिरव, आटे त्यात उमटतात. आमच्याकडे गॅसला लायटर, घरात आगपेटी एकच, देवघरातली. तिच्यातल्या तीन काड्या मोडल्यावर चौथीवर स्वच्छ ठसा आला. भिंगाखाली पट्टी ठेवून मोजलं : पाच मिलिमीटरमध्ये आठ रेघा.

आता हे आकडे पाहा. जर्मन एम-३ असता तर पाच मिलिमीटरमध्ये दहा रेघा आल्या असत्या. इंग्रज कारखान्यांत उपकरणांसाठी ‘बीए’ नावाचे आटे वापरायचे. त्यातला ६ बीए हा स्क्रू २.८ मिलिमीटरचा, पिच ०.५३, म्हणजे साडेनऊच्या आसपास रेघा. आणि अमेरिकेत ठायीठायी सापडणारा ४-४० : व्यास २.८४ मिलिमीटर, इंचाला चाळीस आटे, म्हणजे पाच मिलिमीटरला आठाला जरा कमी. नुसता व्यास मोजून अमेरिकन आणि इंग्रज यांच्यात निवाडा होत नाही, दोघांत केसाचा फरक. रेघांनी मात्र होतो. पेटीतला नवा ४-४० स्क्रू काढून बोटानं फिरवला. वरचे दोन आटे अडखळले (तिथे त्या एम-३ नं दात मारले होते) आणि पुढे तो लोण्यात सुरी जावी तसा तळापर्यंत गेला.

यू-बोट बुडाली ती इथे.

जुने पाच स्क्रू काढायचा मोह मी आवरला. खाचेत पेचकस बसत होता पण स्क्रू जाम होते. जोर केला असता तर खाच विस्कटली असती, आणि संग्राहकाच्या नजरेत ती जखम पुसली जात नाही.

नांगर, आणि मी केलेली चूक

एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, असा कामावरचा नियम. म्हणून सांगाड्याच्या बाजूला साठलेली वंगणाची खपली द्रावणात भिजवलेल्या कापडानं अलगद काढत गेले. खालून तांदळाच्या दाण्याएवढा नांगर निघाला, जवळ एक अंक. अमेरिकन नौदलाचे तपासनीस पास केलेल्या मालावर नांगराचा ठसा मारत. नुसत्या नांगरानं भुलू नये. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या चांदीवरही नांगरच असतो. पण इंग्रज सरकारी मालावर तीन रेघांचा रुंद बाण सापडायला हवा होता आणि जर्मन नौदलाच्या मालावर गरुडाखाली ‘एम’. दोन्ही कुठेच नव्हते. आटे अमेरिकन, नांगर अमेरिकन. इथे मी समाधान मानलं.

आणि याच समाधानात चूक केली. सांगाडा साफ झाला म्हणून त्याच हातानं खोक्याच्या झाकणाची आतली बाजू पुसली, त्याच द्रावणानं भिजलेल्या कापडानं. तिथे शाईचा फिकट शिक्का होता. तारीख असावी. कापडावर जांभळट डाग आला तेव्हा थांबले, तोवर शिक्क्याचा अर्धा भाग गेला होता. आधी फोटो, मग कापड, हे मी रोज ट्रेनी मुलांना शिकवते. मामांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. “झालं,” एवढंच म्हणाले, आणि ते जास्त लागलं.

कोन लावायचं भोक

उरला प्रश्न : अमेरिकन, पण कुठल्या टॉर्पेडोतला? सांगाड्याच्या एका बाजूला एक खोबण आहे, आत चौकोनी दांड्याचं टोक बसेल अशी. ती फिरवली की एक अंशांची तबकडी सरकते आणि पायरीदार चकती तिच्याबरोबर वळते. याचा अर्थ, हा जायरो टॉर्पेडोला नुसता सरळ नेत नव्हता. आधी ठरवून दिलेल्या कोनात वळवून मग सरळ नेत होता. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पाणबुडीत एक यांत्रिक गणकयंत्र शत्रूच्या जहाजाची चाल धरून हा कोन सतत काढत राहायचं. तो कोन एका दांड्यावाटे नळीतल्या टॉर्पेडोच्या जायरोपर्यंत पोचायचा, डागण्याच्या क्षणी दांडा मागे निघायचा. पाणबुडीचं तोंड लक्ष्याकडे वळवायची गरजच उरत नसे.

खोबणीतून हात काढला तेव्हा ‘टँग’ आठवली. २४-२५ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री फॉर्मोसाच्या (आजच्या तैवानच्या) सामुद्रधुनीत या अमेरिकन पाणबुडीनं आपला चोविसावा, शेवटचा टॉर्पेडो सोडला. तो पाण्यावर उसळला, डावीकडे वळला आणि वळतच राहिला. पूर्ण गोल फिरून तो टँगच्याच शेपटाकडच्या भागावर आदळला. ८७ पैकी ९ जण वाचले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘टुलिबी’ही आपल्याच टॉर्पेडोनं गेली होती. जायरोनं दगा दिला की सुकाणू एका अंगाला अडकलं, हे सांगायला तो टॉर्पेडो उरत नाही. टँगवरचा टॉर्पेडो विजेवर चालणारा होता, जर्मन नमुन्यावरून बनवलेला. तरी त्यातला जायरो फिरायला हवेची बाटली लागायचीच.

कोनाची खोबण, हवेची नळी आणि अमेरिकन आटे घेऊन मी युद्धकाळातल्या नौदलाच्या पुस्तिका चाळल्या. सॅन फ्रान्सिस्कोला ‘पाम्पानिटो’ ही जुनी पाणबुडी संग्रहालय म्हणून उभी आहे. ती सांभाळणाऱ्या मंडळींनी अशा पुस्तिका स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. तीन शनिवार त्यात गेले. चकती, जिभा, खिट्टी आणि खोबण यांची मांडणी २१ इंची टॉर्पेडोंच्या जायरोंशी जुळली, म्हणजे पाणबुड्या आणि विनाशिका यांच्या नळ्यांतून सुटणाऱ्या.

इथे नव्या संग्राहकांसाठी एक गोष्ट. अमेरिकन नौदलात टॉर्पेडोचा ‘मार्क’, म्हणजे नमुन्याचा अंक, वेगळा आणि जायरोचा ‘मार्क’ वेगळा चालतो. जायरोच्या नावाच्या पट्टीवर एखादा अंक दिसला की विकणारे तो टॉर्पेडोचा अंक समजून कथा रचतात. आमच्या नगाची तर पट्टीच गेलेली. चार भोकं आणि खाली न काळवंडलेला धातूचा चौकोन. विकत मिळेल अशी पट्टी शोधावी, असं एकानं सुचवलं. दुसऱ्याची पट्टी ठोकून ओळख पुरी करायची असेल तर तो एम-३ स्क्रू काय वाईट होता?

अंकांनीच आणखी एक गंमत दाखवली. सांगाडा, बाहेरचं कडं, आतलं कडं, तिघांवर बारीक ठोकलेला एकच क्रमांक. चाकाच्या कडेवर वेगळा. म्हणजे चाक नंतर कधीतरी बदललेलं. पण चाकाच्या अंगावर तोल साधायला पाडलेली उथळ भोकं आहेत, आणि तोल अजून शाबूत आहे. हे काम शाळेतल्या प्रयोगासाठी कुणी उरकलेलं नाही, जाणत्या हातानं केलेलं आहे. मामांनी त्या भोकांचा फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

“आमच्याकडे हे काम जोशीबुवांसारख्या एकालाच द्यायचे,” म्हणाले. “बाकीच्यांनी हात लावायचा नाही.”

भारतात न्यायचं का?

मामांना तो हातात घेऊन पाहायचा होता. डिसेंबरात पुण्याला जायचंच होतं, बॅगेत मावलाही असता. पण टॉर्पेडो आणि त्याचे भाग हे अमेरिकेच्या शस्त्रनिर्यातीच्या नियंत्रण-यादीतलं नाव. ‘जुनं आहे हो’ असं विमानतळावर समजावत बसण्यात अर्थ नाही. कुठून आला हेही तपासायला हवं होतं. बुडालेल्या नौदल-जहाजांवरचं काहीही परवानगीशिवाय उचलणं अमेरिकेत २००४ च्या कायद्यानं बंद आहे. आमच्या नगावर खाऱ्या पाण्याचा मागमूस नाही, पितळेवर हिरवा थर नाही, पोलादावर खड्डे नाहीत. हा कधी समुद्रात पडून राहिलेला नाही. तेवढ्यावर माझी झोप सुरक्षित आहे.

तर मग कॅमेऱ्यासमोरच फिरवायचं ठरलं. बेअरिंगमधलं वंगण मधासारखं घट्ट झालं होतं. मामांचा सल्ला ‘घासलेटात बुडव’. मी ते थेंबाथेंबानं सोडलं आणि नंतर हलकं यंत्रतेल दिलं. कॉम्प्रेसर लावायचा नाही, हे दोघांना मान्य होतं. ऐंशी वर्षांचं चाक पूर्ण वेगानं फिरवायचं धाडस घरात करू नये. फुटलं तर ते गोळीसारखंच सुटेल. सायकलचा पंप घेतला, नळीचं तोंड खाचांच्या रोखानं धरलं.

पहिल्या दिवशी, साफ करायच्या आधी, बोटानं दिलेल्या धक्क्यावर ते चाळीस सेकंदांत थांबलं होतं. या वेळी पंपाचे वीस-पंचवीस फटके बसल्यावर त्यातून बारीक सूर निघायला लागला, तानपुऱ्याच्या तारेजवळ कान नेल्यासारखा. मी पंप बाजूला ठेवला आणि सबंध सांगाडा हातात धरून सावकाश स्वयंपाकघराभोवती फिरले. सांगाडा माझ्याबरोबर वळत होता. आतला आस वळत नव्हता. तो पूर्ण वेळ खिडकीकडे, बाहेरच्या मेपलच्या झाडाकडे रोखलेला राहिला. डोक्यावरची चकती जिभेला टेकली की टिक, परत वळले की टिक. आवाज फोनमधून पिंपरीत पोचत होता.

“जाळी न लावता,” मामा म्हणाले, आणि मग घड्याळाकडे पाहत गप्प बसले. चाक साडेसहा मिनिटं फिरलं.

नोंदीचं कार्ड त्याच रात्री लिहिलं. देश : अमेरिका (आटे, ठसा). फिरवण्याची सोय : हवा. प्रकार : २१ इंची टॉर्पेडो, कोन लावण्याची खोबण. काळ : दुसरं महायुद्ध. चाक : नंतर बदललेलं. मार्क : कोरा. खोक्यातला शिक्का : माझ्या हातून अर्धा पुसला गेला, पुसल्याची तारीख नमूद. सहाव्या भोकात ४-४० बसवला, नवा, म्हणून त्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका दिला, पुढच्या माणसाला तो जुना वाटू नये. काढलेला एम-३ फेकला नाही. एका छोट्या पाकिटात, आठ रेघांच्या आगकाडीसोबत, विकणाऱ्याची चिठ्ठी घडी करून ठेवली आहे.